डावरीच्या टोपलीतला बाणा

हौदातलं कापड तुडवताना धाकटीच्या अंगठ्याला धागा लागला आणि तिचा पाय तिथेच थबकला.

एव्हाना धागा लागायला नको होता. सकाळपासून ती आणि तिची जाऊ पोटऱ्या बुडतील इतक्या गरम साबणाच्या पाण्यात उभ्या राहून कापड तुडवत होत्या. लोकरीचं कापड मागावरून उतरतं तेव्हा जाळीसारखं विरळ असतं, डोळ्यांपुढे धरलं तर पलीकडचा माणूस ओळखता येईल इतकं. मग ते हौदात जातं. लोकरीच्या प्रत्येक केसावर माशासारखे बारीक खवले असतात. ऊब, ओल आणि दाब मिळाला की हे केस एकमेकांत शिरत जातात, आणि खवल्यांमुळे एकदा शिरलेला केस मागे येत नाही. कापड आटतं, जाड होतं, वारा-पाऊस अडवू लागतं. शेवटी पायाचा अंगठा कितीही घासला तरी उभा-आडवा धागा म्हणून लागत नाही, नुसतं एकसंध अंग लागतं. तेव्हा तुडवणारी म्हणते, "झालं." तो शब्द तिनेच म्हणायचा. तो निघेपर्यंत घरातल्या कर्त्या माणसानेही कापडाला हात लावायचा नाही, अशी त्या गल्लीची रीत होती.

आज बाकीच्या कापडात धागा कधीच बुडाला होता. या एका जागी मात्र तो वाळूच्या खड्यासारखा टोचत होता.

"थांबा," धाकटी म्हणाली.

"आता काय? मला आत्ता कुठे लय सापडली होती," जाऊ म्हणाली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जाऊ हौदात उतरली की तिचं तोंड पायांपेक्षा जास्त चालतं, असं घरात सगळे म्हणत. ती स्वतःही म्हणायची.

"इथे पाय ठेवून बघा."

जाऊने ठेवला. तिचं तोंड बंद झालं. धाकटीला ते धाग्यापेक्षा जास्त टोचलं.

मागल्या वर्षी याच हौदात धाकटीच्या हातून चूक झाली होती. शेवटच्या धुण्याला तिने उकळतं पाणी काढून एकदम गार पाणी सोडलं, आणि कापड दचकावं तसं आखडून फळीसारखं ताठ झालं. कापड तपासायला येणाऱ्या परीक्षकाने पसंतीचा शिक्का नाकारला. ज्या घराला लागोपाठ दुसऱ्यांदा शिक्का नाकारला जातो, त्या घराचा हौद आणि कालव्याचं पाणी दुसऱ्या घराकडे जातं. पलीकडच्या गल्लीतली माणसं गेले दोन महिने येता-जाता या हौदाकडे अशी बघत, जणू पडदे कुठल्या रंगाचे लावायचे ते ठरवत आहेत. घरात धाकटीला कुणी थेट काही बोललं नाही. फक्त थोरला दीर एकदा जेवताना म्हणाला, "तिच्या पायाला घाई आहे." तेवढं वर्षभर पुरलं.

परीक्षक आज येणार होता.

दोघींनी कापडाचा तेवढा भाग हौदाच्या काठावर ओढून घेतला. धाकटीने खुंटीवरची मापाची काठी काढली. काठीवर दोन खाचा होत्या. कापडाचा काठ पहिलीच्या अलीकडे गेला तर ते जास्त आटलं, दुसरीच्या पलीकडे राहिलं तर कच्चं. सगळ्या लांबीत काठ या दोन खाचांच्या मधे हवा. तिने काठी वरपासून खाली सरकवत नेली. काठ मधोमध होता, मधोमध होता, आणि मग एका जागी तो फुगून दुसऱ्या खाचेच्या बाहेर गेला. हातभर अंतर तसंच. त्याच्यापुढे पुन्हा मधोमध.

"अजगराने ससा गिळल्यासारखं दिसतंय," जाऊ हळूच म्हणाली.

"ताई, आत्ता नको."

"मी हसत नाहीये गं. मला भीती वाटली की असंच काहीतरी निघतं तोंडातून."

मागाच्या खोलीतला खटका थांबला. थोरला दीर दारात आला. तो या घरचा विणकर. त्याला कापड दिसायच्या आधी बायकोचा चेहरा दिसला.

"काय झालं?"

तो जवळ आला, काठी बघितली, फुगवटा बघितला. रीत म्हणून त्याने हात मागे बांधून ठेवले होते, पण बोटं एकमेकांना चुरगळत होती.

"पुन्हा," तो म्हणाला. "पुन्हा तुझे पाय."

"माझे पाय सगळीकडे सारखेच पडले, भाऊजी. ताईंचेही."

"मग कापडाला आपोआप पोट सुटलं?"

"अहो, मी पण होते हौदात," जाऊ म्हणाली. "मलाही बोला की थोडं. तिला एकटीला कशाला?"

"तू गप्प बस." तो भिंतीशी लावलेल्या मोठ्या चौकटीकडे गेला. धुतलेलं कापड हिच्या आकड्यांना अडकवून सुरकुत्या जाईपर्यंत वाळवतात. "फुगलेलं आत घेता येत नाही, पण बाकीचं ओढून रुंद करता येतं. सगळंच दुसऱ्या खाचेपर्यंत ताणू. वाळलं की एकसारखं दिसेल."

"आणि ओला पंजा?" धाकटीने विचारलं.

परीक्षकाला सगळी गल्ली पाठीमागे ओला पंजा म्हणायची. तो आला की आधी वाटीभर पाणी मागायचा, तळहात बुडवायचा आणि कापडावर ठेवून वाट बघत बसायचा. नुसतं ताणलेलं कापड ओल लागली की आपल्या मूळच्या मापाकडे धावतं आणि तळहाताभोवती चुण्या पडतात. ताणलेलं कापड विकणाऱ्या घराला दुसरी संधी नसते. तिथल्या तिथे हौदाचं दार बंद.

"तो काही इंच न् इंच ओला करत नाही," दीर म्हणाला.

"आपलं नशीब बघता नेमका तोच इंच करेल," जाऊ म्हणाली.

"मग फुगलेला भाग कापून टाकू."

"दोन तुकड्यांना एक शिक्का मिळतो का?"

त्याने चौकटीचे आकडे मोजल्यासारखे एकेक चाचपले. "परीक्षक वरच्या गल्लीत आलाय. तिथे तीन घरं आहेत. मग आपण. धाकटे, तू काय ते ठरव आणि ‘झालं’ म्हण, म्हणजे मला ते चौकटीला लावता येईल."

म्हणजे तो शब्द तिच्या तोंडून काढून घ्यायचा होता. ‘झालं’ म्हटलं तर फसवणूक तिच्या नावावर, नाही म्हटलं तर नापास कापड तिच्या नावावर. इकडे आड, तिकडे विहीर.

"मला जरा वेळ द्या," ती म्हणाली.

"वेळ मी कुठून देऊ? मी विणकर आहे." तो पाय आपटत मागाच्या खोलीत गेला. खटका मात्र पुन्हा सुरू झाला नाही.

धाकटी काठावर बसली. पाय सारखे पडले होते, याची तिला खात्री होती, कारण मागल्या वर्षानंतर ती प्रत्येक पाऊल मोजल्यासारखं टाकत होती. पाणी एकच, साबण एकच, लोकर एकाच कळपाची. मग हातभर कापड वेगळं का वागेल? तिने फुगवट्याच्या काठातून आडव्या धाग्याचा एक फास नखाने उचलला, कात्रीने बोटभर तुकडा कापला आणि अंगठा-तर्जनीत धरून चोळला.

या घरात उभा धागा, म्हणजे ताणा, उजव्या हाताने टकळी फिरवून कातलेला असतो, आणि आडवा धागा, म्हणजे बाणा, डाव्या हाताने. त्यामुळे दोघांचे पीळ एकमेकांच्या उलट पडतात. उलट पिळाचे धागे हौदात एकमेकांना घट्ट धरतात. एकाच पिळाचे असले तर शेजारी शेजारी पडून राहतात, अबोला धरलेल्या भावांसारखे. असं का होतं याची गल्लीत तीन कारणं सांगत आणि तिन्ही कारणांची आपसांत भांडणं होती, पण होतं हे खरं. म्हणून इथे सून शोधताना रंगरूप नंतर बघत. आधी मुलीच्या हातात गाठ मारलेली दोरी देत आणि सोडवायला कुठला हात पुढे येतो ते बघत. डावखुरी मुलगी ज्या घरात आली त्या घराचा बाणा तरला. धाकटीची सासू अशीच आली होती. तिला तिच्या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. सगळी गल्ली तिला डावरी म्हणायची, आणि ती ते पदवीसारखं मिरवायची.

धाकटीने तुकडा पुन्हा चोळला. डावरीचा बाणा अंगठा पुढे सरकवला की सुटतो. हा आवळत होता. तिने अंगठा मागे ओढला. पीळ सैल झाला आणि केस पिंजारून मोकळे झाले.

तिला आधी वाटलं आपणच धागा उलटा धरला. पण धाग्याचं कुठलंही टोक वर करा, पीळ काही बदलत नाही. तिने दुसऱ्या जागेचा तुकडा काढला. तो नेहमीसारखा सुटला. फुगवट्यातला आणखी एक काढला. आवळला.

ओल्या पायांनीच ती सासूच्या खोलीकडे गेली.

थंडीचे दिवस संपल्यापासून सासू दार लोटून कातत असे. डोळ्यांना वारा लागतो, म्हणायची. आज तुडवणीला ती हौदाशी आलीही नव्हती. एरवी कापडाचा पहिला कोपरा तीच गालाला लावून बघायची.

दार उघडलं तेव्हा सासू खिडकीशी बसली होती. कातणं चाललं नव्हतं. डावा हात शालीखाली होता.

धाकटीने तिच्यासमोर दोन तुकडे धरले. काही विचारलं नाही.

सासूने उजव्या हाताने एक घेतला, बोटांत फिरवला, आणि खाली ठेवला. "किती लांब आहे?" तिने विचारलं.

"हातभर."

"मला वाटलं होतं वीतभर होईल."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी हातगाडी ओढत गेलं. सासूने शाल डाव्या हातावर आणखी ओढली.

"बोटं मेली माझी," सासू म्हणाली. "एका सकाळी उठले तर करंगळीपासून मनगटापर्यंत काही कळेना. टकळी धरली की सुटायची. हा थोरला तिकडे मागावर ओरडतोय, आई, बाणा संपला, आई, बाणा. उजव्या हाताने उलटी फिरवून बघितली. दोरा असा आला, जणू गांडुळाने अन्न गिळलंय. मग म्हटलं, जाऊ दे, दोन-चार कांड्यांपुरता दोरा सरळच कातू. चार दिवसांनी बोटं थोडी आली परत. मग नीट कातलं. त्या सरळ कांड्या टोपलीत तळाशी सारल्या. आता तर पुन्हा पुरता हातच गेलाय."

"भाऊजींच्या लक्षात कसं आलं नाही?"

"माझ्या टोपलीत तो कधी बघतो का?" यात अजूनही थोडा ताठा होता. मग तो ओसरला. "बघायला हवं होतं त्याने."

"ते म्हणतात माझे पाय चुकले."

"ऐकलं मी. भिंत पातळ आहे."

ऐकून तुम्ही बसून राहिलात, असं धाकटीच्या ओठांवर आलं होतं. पण तिला सासूचा शालीखालचा हात दिसला. तो हलतच नव्हता. घरातली डावरी डावरी राहिली नाही, हे त्या दारातून बाहेर गेलं की परत आत येणार नव्हतं.

"आई, मला मागल्या वर्षभराचा हिशोब नकोय," ती म्हणाली. "कापड तेवढं नापास व्हायला नको. कुठून कुठपर्यंत त्या कांड्या लागल्यात हे मला नेमकं कळत नाही. तुमच्या बोटांना कळेल."

"ह्या?" सासूने उजवा हात वर केला.

"ज्या कळतील त्या."

सासू उठली.

हौदाशी दीर परत येऊन उभा होता. आईला बघून तो म्हणाला, "तू कशाला आलीस? ही बघ हिची करामत."

"माझी आहे," सासू म्हणाली. "त्या कांड्या मी उजव्या हाताने कातल्या. तू त्या डोळे मिटून विणल्यास. तिने पायाने शोधल्या. आता तोंड मिट आणि पाणी तापव."

जाऊने सरपणाचा भारा उचलून नवऱ्याच्या हातात दिला.

सासूने डोळे मिटून कापडावर उजव्या हाताची बोटं फिरवली. एका जागी थांबली, दोन बोटं मागे आली, पुन्हा पुढे गेली. "इथून." धाकटीने तिथे लाल दोऱ्याचा टाका घातला. हातभर पुढे दुसरा. दोन्ही बाजूंचं झालेलं कापड त्यांनी दोन लाकडी रुळांवर घट्ट गुंडाळलं, वर गार पाण्यात पिळलेली चादर बांधली, आणि रूळ हौदाच्या दोन काठांवर ठेवले. मधे लाल टाक्यांमधला पट्टाच तेवढा झोळीसारखा लोंबत राहिला. आता फक्त तो आटवायचा होता. गुंडाळलेल्या कापडात ऊब शिरली किंवा ते हलत राहिलं तर तेही आणखी आटणार, आणि आटलेलं परत येत नाही. इतक्या अरुंद जागी पाय चालणार नव्हते. हातांनीच करायचं होतं.

धाकटीने दातेरी फळी पट्ट्याखाली धरली. जाऊ कढत पाणी लोट्यालोट्याने नेमकं मधे ओतू लागली. धाकटी साबण लावून उजव्या तळव्याने चोळू लागली. पाणी इतकं कढत होतं की पहिल्या लोट्याला तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"हात बदल, डावा घे," जाऊ म्हणाली.

"डाव्याला दाब येत नाही. ओता."

समोरून सासूही उजव्या हाताने चोळत होती. दोघींचे तळवे मधे भेटत, मागे जात. पट्टा हट्टी होता. चोळला की साबण फसफसायचा, पुसला की धागे तसेच. धाकटीने काठी लावली. काठ खाचेच्या बाहेर. पुन्हा पाणी. पुन्हा काठी. बाहेरच.

"आई, तो हलतच नाही."

"हलेल. उलट पिळाचा पटकन ऐकतो. सरळ पिळाचा माझ्या थोरल्यासारखा आहे, आधी तासभर नाही म्हणतो."

सरपण घालणाऱ्या थोरल्याने मान वर केली नाही.

आणि तेवढ्यात दारातून आवाज आला, "हौद चालू आहे वाटतं अजून?"

परीक्षक उंबऱ्यावर उभा होता. बारीक चणीचा, स्वच्छ धुतलेल्या हातांचा माणूस. खांद्याच्या पिशवीत शिशाचे शिक्के आणि चिमटा.

"शब्द निघाला नाही अजून," दीर घाईने म्हणाला.

"मग मी बसतो. पण उजेड आहे तोवरच. दिव्याखाली मी कापड बघत नाही." तो स्टुलावर बसला. दारातून आलेलं ऊन त्याच्या चपलांपर्यंत होतं. रूळ, चादर, लोंबता पट्टा, चार माणसं, सगळं त्याने बघून घेतलं.

जाऊने लोटा ओतला. लोटा कलला आणि कढत पाण्याची धार रुळावरच्या चादरीवर गेली.

"गार!" सासू ओरडली.

दिराने गार पाण्याची बादली उचलली. क्षणभर धाकटीला मागल्या वर्षीचं ताठ झालेलं कापड दिसलं. "कापडावर ओतू नका! वरची चादर बदला फक्त!" ती म्हणाली. त्याने बादली खाली ठेवली, वाफाळलेली चादर ओढून काढली, दुसरी गार पिळून गुंडाळली. धाकटीने खालच्या कापडाला गाल लावला. गारच होतं. ऊब आत पोचली नव्हती.

ती पुन्हा चोळू लागली. तळवा आता आपला वाटत नव्हता. ऊन परीक्षकाच्या चपलांवरून सरकून उंबऱ्याकडे निघालं होतं. आणि मग चोळता चोळता तिला जाणवलं की खालची फळी मगाइतकी खरखरीत लागत नाहीये. मधे काहीतरी जाड आलं होतं. तिने अंगठा घासला. धागा लागला, पण दुरून, रजईखालच्या बोटासारखा. आणखी तीन लोटे. आणखी दोन. अंगठा फिरला आणि त्याला काहीच लागलं नाही.

तिने काठी लावली. काठ दुसऱ्या खाचेला टेकून आत होता. नखभर. आणखी चोळलं तर मधोमध येईल, किंवा टाक्याशेजारचं चांगलं कापड आत ओढलं जाईल. तिने सासूकडे बघितलं. सासू म्हणाली, "माझ्याकडे काय बघतेस? शब्द तुझा."

"झालं," धाकटी म्हणाली.

कोमट पाण्यात, मग गार पाण्यात, पायरीपायरीने त्यांनी ते धुतलं, पिळलं आणि दारातल्या उजेडात टेबलावर पसरलं. चौकटीकडे कुणी बघितलंही नाही. परीक्षकाने काठी सरकवत नेली. फुगवट्याच्या जागी तो थांबला, वाकला, आणि काठी पुढे गेली. मग तो कापडाच्या पातळीला डोळा आणून तिरप्या उजेडात बघू लागला.

"इथे पट्टा आहे," तो म्हणाला.

होताच. सपाट बघितलं तर काही नव्हतं. तिरपं बघितलं की त्या हातभर जागी उजेड दुसऱ्या बाजूला पडत होता, जणू तेवढ्या गवतावरून वारा उलटा गेलाय.

"कुणी कातलं हे?"

"ते जरा नवीन माणूस..." दिराने सुरुवात केली.

"मी," सासू म्हणाली. "उजव्या हाताने." आणि तिने शालीखालचा डावा हात काढून टेबलावर ठेवला, स्वतःच्या दुसऱ्या हाताने उचलून ठेवावा लागला तसा.

परीक्षकाने तो हात बघितला. त्याने वाटी मागितली. कापड आधीच ओलं होतं, तरी त्याने पट्ट्याचा भाग कोरड्या फडक्याने टिपला, निखाऱ्यांची इस्त्री फिरवून वाळवला, आणि मग ओला तळहात त्यावर ठेवला. जाऊने श्वास इतक्या जोरात ओढला की तो सगळ्यांना ऐकू आला. तळहात तिथेच राहिला. ऊन उंबऱ्यावर पोचलं.

त्याने हात उचलला. खाली ओल्या पंजाचा नुसता डाग होता. एकही चुणी नाही.

"काठीला चाललं. पाण्याला चाललं. माझ्या डोळ्याला नाही चाललं, पण नियमात माझा डोळा नाही." त्याने पिशवीतून शिशाचा शिक्का काढला आणि कोपऱ्यावर ठेवून चिमटा दाबला. "पुढल्या वर्षी मात्र आधी बाण्याची टोपली बघीन, मग कापड. डावरी कोण आहे या घरात आता?"

उत्तराची वाट न बघता त्याने पिशवी खांद्याला लावली. त्याला अजून एक घर होतं, आणि उजेड निघून चालला होता.

तो गेल्यावर जाऊ जमिनीवर बसली आणि हसू लागली, मग रडू लागली, मग म्हणाली की तिला दोन्ही एकदमच करायचं होतं. दीर कापडाच्या कोपऱ्यातला शिक्का बोटाने चाचपत उभा होता.

सासू खोलीत जाऊन टकळी आणि लोकरीचा पेळू घेऊन आली. धाकटीसमोर बसली.

"आत्ता?" धाकटी म्हणाली. "आई, हात भाजलाय माझा."

"उजवा भाजलाय. डावा दे."

तिने डावा हात पुढे केला. टकळी बोटांत बसेना. ती फिरली, गिरक्या घेत तिरपी झाली, दोरा कुठे दोरीसारखा तर कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखा आला आणि तुटला. टकळी फरशीवर घरंगळत थेट दिराच्या पायाशी गेली.

"पुन्हा," सासू म्हणाली.

दिराने टकळी उचलली. तिच्यावरचा वाकडातिकडा वीतभर दोरा सोडवला, दाराशी उजेडात नेला आणि डोळ्यांजवळ धरून त्यावर अंगठा पुढे सरकवला. पीळ सुटला. मग परत येऊन टकळी धाकटीच्या डाव्या हातात दिली.

"पीळ बरोबर आहे," तो म्हणाला.